गोठ्यात सापडलेली बिडाची नक्षीदार वस्तू : रेडिएटर आहे का? असला तर किती मागावे?

परतवाड्याचा पोट्टा
नमस्कार मंडळी. आमचं गाव अचलपूर तालुक्यात, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट लागायच्या आधी. जुना गोठा पाडून टिनाचं शेड टाकणं चालू आहे. मागच्या भिंतीला लागून एक बिडाची वस्तू उभी होती. तिला घरात सगळे 'इंग्रजाची शेगडी' म्हणतात. माझा आजा मेळघाटात लाकडाच्या ठेक्यावर होता, त्यानं कुठून तरी आणली, एवढंच माहीत. बाबा म्हणतात, त्यांनी तिला कायम वासरंच बांधलेली पाहिली.

फोटो खाली टाकले आहेत. उंची तीन फुटांवर दोन-तीन बोटं, लांबी पावणेदोन फुटांच्या आत. आठ उभे कप्पे एकाला एक लागून, प्रत्येकावर वेलबुट्टी. फक्त पहिल्या आणि शेवटच्या कप्प्याला पाय, त्यातला एक तुटका. बाहेर काढायला चार जण लागले आणि तरी एकाची कंबर धरली.

भंगारवाला किलोला तीस म्हणून राहिला. दुसरीकडे अमरावतीच्या एकानं फोटो पाहून सांगितलं की दोन लाखाची पार्टी तयार आहे, फक्त तपासणीचे पाच हजार आधी टाका. म्हणून इथं विचारतो. हे नक्की काय आहे आणि विकायचं झालं तर किती मागावं?

डीपी उडाली
भाऊ, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तेल थंड करायचे उभे पंखे (फिन, फिरणारे नाही) असतात, ते आहेत. विषय संपला.

बॉयलरकाका
विषय संपला नाही. ट्रान्सफॉर्मरचे पंखे पत्रा दाबून, वेल्ड करून बनवतात. फोटोत पाय तुटला आहे तिथली जागा मोठी करून बघा. करड्या रंगाची, दाणेदार. पत्रा असता तर वाकला असता. हे वाकलं नाही, खापरासारखं तुटलं. म्हणजे ओतीव बीड.

पहिल्या नजरेत मला हा इकॉनॉमायझरचा तुकडा वाटला. आमच्या गिरणीत लँकेशायर बॉयलरच्या मागे, चिमणीकडे जाणाऱ्या धुराच्या वाटेत, बिडाच्या उभ्या नळ्यांची रांग होती. इंग्लंडात वेकफील्डच्या एडवर्ड ग्रीननं १८४५ साली याचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुरावर बॉयलरचं पाणी आधीच तापवून घ्यायचं, कोळसा वाचवायचा. नळ्यांवर काजळी धरू नये म्हणून साखळीला लावलेल्या खरवडण्या दिवसभर वरखाली फिरायच्या. तो आवाज अजून कानात आहे. पण त्या नळ्या माणसाच्या डोक्याच्याही वर जातात आणि अगदी साध्या असतात. धुराच्या बोगद्यात वेलबुट्टी कोण काढेल? तुमची वस्तू माणसांनी बघावी म्हणून ओतली आहे. म्हणजे खोली ऊबदार ठेवायचा रेडिएटर.

मेळघाटी
मग सोपं आहे. चिखलदऱ्याच्या एखाद्या बंगल्यातला असेल. कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये वर आला, मग साहेब लोकांचे बंगले झाले. साडेतीन हजार फुटांच्या वर आहे गाव, डिसेंबरात हात गारठतात. आज्यानं बंगल्याच्या लिलावात घेतला असेल. एवढी काय रिसर्च लावून राहिले बाप्पा.

शिकागोकर
मेळघाटी भाऊ, बंगल्यांत फायरप्लेस असणार यात शंका नाही. पण रेडिएटर शेगडीसारखा सुटा पेटवता येत नाही. तळघरात बॉयलर लागतो, तिथून खोल्याखोल्यांत नळ फिरवावे लागतात. वाफ कप्प्यात शिरते, तिथं तिचं पाणी होतं आणि पाणी होताना ती उष्णता सोडते. बिडाच्या एका चौरस फूट पृष्ठभागामागे तासाला २४० बीटीयू (उष्णता मोजायचं इंग्रजी माप), हा वाफेचा हिशोब इथले प्लंबर अजून धरतात. चार खोल्यांच्या डोंगरी बंगल्यासाठी हे सगळं बिऱ्हाड घाट चढवून न्यायचं, तेही भोवती सागवानाचं जंगल आणि लाकूड हाताशी असताना? मला पटत नाही.

मी राहतो त्या इमारतीत असेच जुने रेडिएटर आहेत, हिवाळ्यात पहाटे वाफ आली की ठणठण वाजतात. त्या अनुभवावरून, पोट्टेभाऊ, एवढं बघून सांगा.

दोन कप्प्यांच्या मधून वरच्या बाजूला बोट जातं का? कप्पे फक्त तळाशी जोडलेले असतील तर तो वाफेचा. तळाशी आणि माथ्याशी, दोन्हीकडे जोडलेले असतील तर बहुतेक गरम पाण्याचा. हा फरक महत्त्वाचा, कारण पाण्याचा रेडिएटर वाफेवर चालवता येतो, पण वाफेवाल्यात पाणी भरलं की प्रत्येक कप्प्याच्या माथ्यावर हवा कोंडते आणि तो अर्धा गारच राहतो.

शेवटच्या कप्प्याच्या कडेला, साधारण मध्यावर, करंगळीएवढं आट्यांचं भोक किंवा बुच आहे का? वाफ येताना आतली हवा बाहेर जायची ती वाट.

आणि ओतताना उठवलेली अक्षरं शोधा. माथ्यावर, टोकाच्या कप्प्यांच्या बाहेरच्या अंगाला, पायांच्या आतून. अमेरिकन मालावर बऱ्याचदा पेटंटच्या तारखाच असतात. इथे १८९२ मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी झाली आणि तिनं बाजार इतका व्यापला की १९२४ मध्ये न्यूयॉर्कला काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची गगनचुंबी इमारत बांधली. तिचा 'रोकोको' नावाचा वेलबुट्टीचा नमुना इथल्या जुन्या घरांत पैशाला पासरी आहे. तुमचा तोच निघाला तर 'दुर्मिळ' हा शब्द जरा जपून वापरावा लागेल.

परतवाड्याचा पोट्टा
बोट जातं! तळाशीच जोडलेले आहेत, वर मोकळं. कडेला भोक आहे, त्यात कोणीतरी लाकडाची खुंटी ठोकलेली. अक्षरांसाठी खरवडावं लागेल. वरून शेण, त्याखाली पोळ्याचा चुना, त्याखाली हिरवा ऑइल पेंट, त्याखाली आणखी कसला तरी चकाकणारा रंग. उद्या ग्राइंडरला वायर ब्रश लावतो.

संत्रा बर्फी
ग्राइंडर अजिबात नको! त्या काळच्या रंगात शिसं असायचं. ग्राइंडर लावला की त्याची भुकटी हवेत, नाकात आणि बाजूच्या कुटारात. जनावरं असले रंगाचे पापुद्रे चाटतात आणि शिशाची विषबाधा होऊन दगावतात, हे कोणत्याही पशुवैद्याला विचारा. गोठ्यापासून लांब न्या, खाली ताडपत्री, तोंडाला चांगला मास्क, आणि रंग ओला करून किंवा पेंट रिमूव्हर लावून हाताने खरवडा. सगळा रंग काढूही नका. अक्षरांपुरता काढा. तळातला चकाकणारा थर मूळ ब्रॉन्झ पावडरचा असू शकतो, तो शिल्लक असला तर किमतीला बरं. मी नागपूरला इंटिरियरची कामं करते, अशा वस्तूंचं सगळ्यात जास्त नुकसान हौशी साफसफाईनं होतं.

काकडे_अकोला
माझा चुलतभाऊ तांब्याच्या जुन्या भांड्याच्या नादात बुडाला, त्याचीही सुरुवात अशीच झाली होती. तपासणीचे पैसे, मग केमिकलचे पैसे, मग दिल्लीहून येणाऱ्या शास्त्रज्ञाचं विमानाचं तिकीट. राइस पुलर म्हणायचे त्याला, तांदूळ ओढून घेणारं भांडं. भांडं घरातच राहिलं आणि शेत गेलं. अमरावतीवाल्याला ब्लॉक करा.

डीपी उडाली
तांदूळ ओढते का ते तरी पाहून घे भाऊ, नाही तर राहून जाईल.

परतवाड्याचा पोट्टा
ब्लॉक केलं.

अक्षरं सापडली. मागच्या बाजूला, अगदी खाली, जिथं वासराचा दोर घासून लोखंड गुळगुळीत झालं आहे त्याच्या वर. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं अर्धा तास चोळलं. इंग्रजीत आर, डी, मग नंबर असं लिहिलेलं, पुढे सहा आकडे. पहिले दोन स्पष्ट वाचता येतात, ४ आणि १. पुढचे चार झिजले, त्यातला एक ७ किंवा १ असावा. कंपनीचं नाव कुठंच नाही. पेटंटची तारीख नाही.

परतवाड्यातल्या लेथवाल्याकडे आट्यांचं गेज होतं. खालच्या मोठ्या भोकाचे आटे त्यानं मोजले. इंचाला ११, कोन ५५ अंश. तो म्हणाला, आपल्या नळाचेच आटे आहेत, यात काय विशेष?

शिकागोकर
विशेष आहे! ५५ अंश आणि ११ आटे म्हणजे ब्रिटिश पाइप थ्रेड. भारतात तोच चालत आला म्हणून लेथवाल्याला ओळखीचा वाटला. अमेरिकन असता तर ६० अंश आणि इंचाच्या नळाला साडेअकरा आटे. अर्ध्या आट्याचा फरक डोळ्यांना दिसत नाही, गेज बसत नाही तेव्हाच कळतो. म्हणजे आमचा रोकोको नक्की नाही. माल इंग्लंडचा, किंवा त्यांच्या मापाने केलेला.

जुनाबाजार
धागा उशिरा पाहिला. मुंबईत जुन्या वस्तूंचा व्यवसाय आहे, चोरबाजारात ऊठबस असते, म्हणून आकड्याबद्दल लिहितो.

आर आणि डी म्हणजे ब्रिटनमधला नोंदणीकृत नमुना. यंत्राची कल्पना पेटंटखाली, तर वस्तूचं रूप, नक्षी वगैरे या नोंदणीखाली. १८४२ ते १८८३ पर्यंत वस्तूवर चौकटीच्या एक्क्यासारखी खूण मारत. १८८४ पासून एकापासून सलग नंबर सुरू झाले. त्यामुळे नंबरावरून वर्ष काढता येतं. १८९० च्या सुरुवातीला गाडी एक लाख एक्केचाळीस हजारांवर होती, १९०० ला साडेतीन लाखांच्या पुढे. ४१ नं सुरू होणारा सहा आकडी नंबर म्हणजे चार लाख दहा ते वीस हजार, तो १९०३ मध्ये पडतो. उरलेले चार आकडे नसले तरी वर्ष बदलत नाही. मात्र ते मिळाले तर कोणाच्या नावावर नोंद झाली हेही काढता येईल. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल आडवी घासा, कधी कधी डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उठतो.

एक लक्षात ठेवा. १९०३ हे नमुन्याचं वर्ष. साचा चांगला चालला तर तोच माल पुढे दहा-पंधरा वर्षंही ओतत. 'सन १९०३ चा रेडिएटर' म्हणून विकू नका, 'नमुन्याची नोंद १९०३' म्हणा. घेणारा जाणता असेल तर याच वाक्यावर तुमची पत ठरते.

मेळघाटी
मग आला कुठून? ते सांगा ना कोणी.

बॉयलरकाका
वाफेचा आहे हे ठरलं. आपल्या भागात वाफ होती कुठे? जिनिंग-प्रेसिंगला आणि कापड गिरण्यांना. अचलपूर, बडनेरा, पुलगाव, हिंगणघाट, सगळीकडे बॉयलर. पण अडचण अशी की गिरणीचा बॉयलर चौरस इंचाला शंभराच्या वर पौंड दाबाचा. असला नक्षीदार रेडिएटर मुळात दोन-पाच पौंडांवर चालायचा. मधे दाब उतरवणारा व्हॉल्व्ह न लावता जोडला तर कप्पे फुटतील. आणि गिरणीला हवा कशाला? सूत वाळवायला सायझिंग खात्यात वाफेचे मोठे फिरते सिलिंडर होते, त्यांच्यापुढे हे खेळणं. मॅनेजरच्या ऑफिसात म्हणाल, तर मे महिन्यात ४५ डिग्रीत बसणाऱ्या माणसाला जानेवारीची थंडी म्हणजे सुखच की. त्याच्यासाठी कोणी वाफेचा नळ ओढणार नाही.

माझा अंदाज, हा इथं कधी चाललाच नाही. भंगारात किंवा लिलावात आला. लढाईनंतर डिस्पोजलचा, म्हणजे लष्करानं विकून टाकलेला, माल गावोगाव फिरला, जहाजं मोडून निघालेलं सामान मुंबईहून वर यायचं, आणि जहाजांवर रेडिएटर असत. परतवाड्याचा लाकूडबाजार मोठा, लांबलांबचे व्यापारी येत. आज्यानं एखाद्याची उधारी वस्तूवर फेडून घेतली असेल.

परतवाड्याचा पोट्टा
काका, उधारीचं पटून राहिलं. आमच्याकडे आज्याच्या उधारीत आलेलं एक पितळी घड्याळही आहे, ते कधीच चाललं नाही. वह्या माळ्यावर आहेत, मोडीत लिहिलेल्या. वाचणारा शोधतो.

काळा कोट
वह्या टाकू नका, त्या वस्तूइतक्याच कामाच्या.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यात शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू, इमारतीतून सुटी केलेली वस्तू, गतकाळचं विज्ञान दाखवणारी वस्तू, हे सगळं येऊ शकतं. नोंदणीची सक्ती सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रकारांनाच आहे, मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशांना. घरचा एक रेडिएटर देशात कोणाला विकलात तर तुम्ही धंदेवाईक विक्रेते ठरत नाही. परदेशी पाठवायचा विचार मात्र डोक्यातून काढा. पुरावस्तूची निर्यात खासगी माणसाला करताच येत नाही, आणि ही पुरावस्तू नाही असं म्हणायचं तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र आणावं लागतं.

बाय द वे, ही जमिनीत पुरलेली तर नव्हती ना? १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं असतं. हो, दहाच.

परतवाड्याचा पोट्टा
ताई, एक पाय शेणात रुतला होता तेवढाच. ते पुरणं धरत नसतील तर सुटलो.

जुनाबाजार
आता किमतीकडे. लोक वय विचारतात, मी आधी तीन गोष्टी पाहतो. अंगावर काही लिहिलेलं आहे का, सगळे भाग एकाच जातीचे आहेत का, आणि तडा आहे का. पहिल्याचं उत्तर आलं. दुसऱ्यासाठी आठही कप्प्यांची वेलबुट्टी पान न् पान जुळवून पाहा. हे कप्पे आतून निपलने, म्हणजे छोट्या जोडनळीने, जोडलेले असतात, त्यामुळे मोडलेल्या दोन रेडिएटरांचा एक करणं सोपं. तिसऱ्यासाठी छोट्या पान्यानं प्रत्येक कप्प्यावर हलकी टिचकी मारा. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं भद्द.

आणि एक वाईट बातमी. इंग्लंड-अमेरिकेत अशा रेडिएटरला गिऱ्हाईक आहे, कारण तिथे तो जोडून वापरता येतो. कप्प्यागणिक भाव होतो. पण तिथे माल भरपूर. आपल्याकडे माल दुर्मिळ, पण ऊब हवी असलेलं गिऱ्हाईकच नाही. नेता येत नाही, नेला तरी भाड्यात खलास. त्यामुळे परदेशी साइटवरचा भाव रुपयांत बदलून मनातल्या मनात शेत घेऊ नका. इथे तो शोभेचा. कॅफे, हॉटेल, सिनेमाचे सेट, हौशी श्रीमंत. माझ्यासारखा विक्रेता तडा नसेल तर पंधरा-सोळा हजार देईल, मुंबईत चाळीसची चिठ्ठी लावेल आणि दोन वर्षं त्यावर धूळ झटकेल. थेट वापरणारं गिऱ्हाईक भेटलं तर पंचवीसपर्यंत मागा. भंगाराचे चार हजारच होतात, त्याखाली तर कोणी जाणार नाही.

परतवाड्याचा पोट्टा
आठही कप्पे वाजवले. सात एका सुरात, पायाजवळचा जरा बसका. वेलबुट्टी सगळ्यांची सारखी. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे, भोकं बंद करून हवा भरून पाहतो.

बॉयलरकाका
खबरदार! बिडात हवा भरून कधी तपासायचं नाही. दाबलेली हवा साठून राहते, कप्पा फुटला तर तुकडे गोळीसारखे सुटतात. पाणी दाबलं जात नाही, तडा गेला तर नुसतं भसकन गळतं. तिन्ही भोकांना बुच लावा, काठोकाठ पाणी भरा, हवा राहू देऊ नका, रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. एवढं शोभेच्या वस्तूला पुरे. बसक्या आवाजाच्या कप्प्याखाली सकाळी ओल दिसली तर तडा आहे, नाही तर नुसता गाळ भरलेला असेल. आणि तुटका पाय साध्या रॉडने वेल्ड करायला कोणाला देऊ नका, शेजारी नवा तडा जाईल. बिडाला निकेलचा रॉड आणि सावकाश तापवणं-निववणं लागतं. ज्याला जमतं त्यालाच द्या.

परतवाड्याचा पोट्टा
काका, ओल आली. थेंबच, पण आली. पायाच्या वर केसासारखी रेघ, पाणी सुकताना तिथं गंजाची लाल लकीर उठली.

जुनाबाजार
मग माझा भाव दहा. तडा लपवू नका, फोटोत तोच आधी दाखवा.

संत्रा बर्फी
मला तडा चालतो, त्यात वाफ भरायची नाहीये. धरमपेठेतल्या एका कॅफेचं काम हातात आहे, काउंटरखाली तो उभा करायचा आहे, वर सागाची फळी. अठरा हजार देते, दोन अटींवर. पाय जोडायचा नाही, आहे तसा हवा, खाली लाकडी ठोकळा मी देईन. आणि मोडीच्या वहीत नोंद सापडली तर त्या पानाची झेरॉक्स. गिऱ्हाइकाला गोष्ट सांगायला आवडते, पण खोटी मी सांगत नाही.

परतवाड्याचा पोट्टा
बाबांना विचारलं. ते म्हणाले, एवढी वर्षं वासरू बांधलं त्याचे अठरा हजार? देऊन टाक. आई मात्र म्हणते, वीस सांग.

संत्रा बर्फी
काकूंना नमस्कार सांगा. एकोणीस, आणि भाडं माझं.

परतवाड्याचा पोट्टा
जमलं. टेम्पो परतवाड्याहून करतो, सोयाबीनच्या गडबडीत चार पोट्टे जमवणंच अवघड आहे.

बॉयलरकाका
आडवा टाकून नेऊ नका, सांधे उकलतील. उभाच ठेवा, खाली गोणपाट, दोन्ही अंगांना फळ्या, आणि दोर मधल्या कप्प्यांना न बांधता टोकाच्या दोघांना तळातून घ्या. आतलं पाणी आधी पूर्ण काढा. वही वाचून झाली की आज्यानं कोणाकडून घेतला ते इथं लिहा, मला जहाजाचंच वाटतं.

मेळघाटी
चिखलदराच. लावा पैज.